भिंतीवरचा फोटो, पेटीतला कागद

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून पोरंसोरं गावी आली, की मी त्यांना एक काम सांगतो. घरातली सगळ्यांत जुनी तसबीर खिळ्यावरून उतरवा आणि दोन गोष्टी बघा. पहिली गोष्ट, तसबिरीमागची भिंत. तिथे रंगाचा एक चौकोन आजूबाजूच्या भिंतीपेक्षा ताजा दिसेल. दुसरी गोष्ट, फ्रेम खोलून चित्राची कड बघा. लाकडी पट्टीखाली जी अर्ध्या बोटाची किनार झाकून राहिली होती, तिथले रंग बाकीच्या चित्रापेक्षा गडद दिसतील. ती किनार आणि बाकीचे चित्र शेजारी शेजारी पाहिले, की इतक्या वर्षांत काय गेले त्याचा हिशेब समोर येतो.

रोज पाहणाऱ्याला हा हिशेब कळत नाही. रंग एका दिवसात जात नाही. आज गेला तो एवढासा, काल गेला तो एवढासा. घरातले माणूस वाळत चालले तरी घरच्यांना उशिरा कळते आणि सहा महिन्यांनी आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यातच कळते. तसेच हे आहे.

मी सोनारीचा. आताचा धाराशिव आणि पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, तालुका परंडा. भैरवनाथाचे देऊळ आणि गावभर हिंडणारी माकडे यांच्यामुळे आमचे गाव आसपासच्या चार तालुक्यांत ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे फोटो फ्रेम आणि झेरॉक्सचे लहानसे दुकान चालवले. लग्नाचे फोटो, वारलेल्या माणसांचे फोटो, शाळेतल्या बक्षिसांची प्रशस्तिपत्रे, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या तसबिरी, जमिनीचे उतारे, सगळे माझ्या हाताखालून गेले. काय टिकते आणि काय जाते हे मी पुस्तकात वाचण्याआधी काचेखाली पाहिले. कारण मात्र पुढे वाचून, विचारून समजून घेतले. ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

ऊन काय करते

आपल्या आया-बहिणींना यातले निम्मे शास्त्र आधीच माहीत आहे. रंगीत लुगडे उन्हात वाळत घालू नये, सावलीत घालावे, हे त्यांना कोणी कॉलेजात शिकवले नाही. पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला तर तो धुऊन कडक उन्हात टाकायचा, म्हणजे जातो, हेही त्या जाणतात. हळदीचा रंग प्रकाशापुढे टिकत नाही. जे हळदीचे होते, तेच कमीअधिक वेगाने चित्रातल्या, फोटोतल्या आणि शाईतल्या रंगांचे होते.

प्रकाश म्हणजे ऊर्जा. ती लहान लहान पुड्यांत येते असे समजा. तांबड्या प्रकाशाची पुडी हलकी, निळ्या-जांभळ्याची जड आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांची त्याहून जड. रंगाचा कण प्रकाश शोषतो म्हणून तर तो आपल्याला रंगीत दिसतो. पण ती पुडी पुरेशी जड असली, तर कणाच्या आतली जोडणी तुटते. हवेतला प्राणवायू आणि ओल या तुटण्याला हातभार लावतात. जोडणी तुटली की तो कण रंगाचा राहत नाही. त्याला पुन्हा रंगाचा करता येत नाही. कपडा फाटला तर शिवता येतो, कागद फाटला तर चिकटवता येतो. उडालेला रंग परत आणता येत नाही.

खिडकीला काच आहे, मग काय भीती, असे लोक म्हणतात. साधी काच अतिनील किरणांतला सगळ्यांत जहाल भाग अडवते, पण बराचसा भाग आत सोडते आणि दिसणारा प्रकाश तर सगळाच आत येतो. तसबिरीवरची काचही तशीच. ती धूळ, धूर आणि माश्यांपासून वाचवते, उन्हापासून फारसे वाचवत नाही. एलईडी दिव्यातून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत, तेवढे ते बरे. पण दिसणाऱ्या प्रकाशानेही नाजूक रंग उडतात, फक्त वेळ जास्त लागतो.

इथे एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रकाश मोजण्याचे माप म्हणजे लक्स. घरात रात्री एक बल्ब लावल्यावर जो उजेड पडतो तो साधारण पन्नास ते शंभर लक्सचा असतो. जगभरची चांगली संग्रहालये कागदावरची नाजूक चित्रे आणि जुनी कापडे ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात ठेवतात. आणि आपले दुपारचे थेट ऊन? सुमारे १ लाख लक्स. नुकसान साठत जाते, म्हणजे किती उजेड आणि किती वेळ यांचा गुणाकार महत्त्वाचा. संग्रहालयात रोज ८ तास चित्र दाखवले तर दिवसाला ४०० होतात. १ लाखाला ४०० ने भागा, २५० येतात. म्हणजे दुपारी एक तास ज्या फोटोवर थेट ऊन पडले, त्याने संग्रहालयातले २५० दिवस एका तासात भोगले. त्या उन्हाचा ताप आणि त्यातले जादा अतिनील किरण यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

मला नेहमी माळवदाची जुनी घरे आठवतात. भिंती दीड-दोन हात जाडीच्या, दार ठेंगणे, वरून झरोक्यातून एक उन्हाचा कवडसा यायचा आणि दिवसभर जमिनीवरून भिंतीवर सरकत जायचा. त्या अंधाऱ्या घरांत फोटो टिकले. त्यांना कसर लागली, ओल लागली, पण रंग राहिले. आता आपली घरे सिमेंटची झाली, मोठ्या खिडक्या आल्या, ट्यूबलाइट आली. ते चांगलेच झाले. लेकरांना अभ्यासाला उजेड मिळाला. पण ज्या भिंतीवर आपण फोटो लावतो त्या भिंतीचाही उजेड वाढला, हे मात्र कोणी मोजले नाही. पत्र्याच्या घरात तर पत्र्याला एक भोक पडले की पुरे. कवडसा रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येतो, आणि तिथे जर फोटो असेल तर त्याच्या मधोमध फिका डाग पडतो.

निळा का उरतो

दारासमोरच्या भिंतीवर लावलेली छापील तसबीर दहा-बारा वर्षांत निळसर होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बाबासाहेबांचा कोट निळा असतोच, पण चेहराही निळा होऊ लागतो, मागचे पुस्तक निळे होते. काही लोक याला छपाईचा दोष समजतात. कारण असे आहे. छापखान्यात चित्र चार शायांनी छापतात. पिवळी, गुलाबी-किरमिजी, निळी आणि काळी. यातल्या पिवळ्या आणि किरमिजी शाया उन्हापुढे लवकर हार मानतात. निळी चिवट असते. काळी तर काजळीची, म्हणजे कोळशाची. ती जवळजवळ जातच नाही. म्हणून शेवटी निळा आणि काळा उरतो.

फोटोंची गोष्ट वेगळी. जुना काळा-पांढरा फोटो हा रंगाचा नसतो. त्यात चांदीचे बारीक कण असतात. कागदावरचे चांदीचे क्षार प्रकाशाने काळे पडतात, त्यावरच सगळी फोटोची विद्या उभी आहे. म्हणून तर स्टुडिओत तांबडा दिवा लावून अंधाऱ्या खोलीत काम चाले, आणि उरलेले क्षार 'हायपो'च्या पाण्यात धुऊन काढत. धुणे नीट झाले असेल, तर तो फोटो साठ-सत्तर वर्षे उजेडातही बऱ्यापैकी टिकतो. धुण्यात कसूर झाली, तर तो पिवळा-तपकिरी होतो. रंगीत फोटो मात्र रंगद्रव्यांचा असतो. १९७० ते १९८५ च्या आसपासचे रंगीत फोटो तुम्ही अल्बममध्ये पाहा, बरेचसे लालसर झालेले दिसतील. त्यांना ऊन लागलेले नसते. त्या काळच्या फोटोकागदातला निळसर रंग अंधारातही, नुसत्या उष्णतेने आणि ओलीने उडत असे. म्हणून अंधार हवाच, पण नुसता अंधार पुरत नाही. जागा थंड आणि कोरडीही हवी.

वर्तमानपत्राचा कागद तर उन्हात दोन-तीन दिवसांतच पिवळा पडतो. तो लाकडाचा लगदा दळून केलेला असतो, आणि लाकडातला लिग्निन नावाचा पदार्थ त्यात तसाच राहतो. प्रकाश आणि हवा मिळाली की तो पिवळा होतो, कागद ठिसूळ होतो. आपल्या चळवळीचा बराच इतिहास अशा कागदावर छापला गेला आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली, 'जनता' १९३० साली, 'प्रबुद्ध भारत' १९५६ साली. ज्यांनी ते अंक घडी घालून पेटीत ठेवले, त्यांनी नकळत मोठे काम केले. १९९० साली महाराष्ट्र शासनाने 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक वसंत मून यांच्या संपादनाखाली पुन्हा ग्रंथरूपाने छापले, ते अंक कुठेतरी शिल्लक होते म्हणून. स्वतः बाबासाहेबांची अनेक हस्तलिखिते त्यांच्या परिनिर्वाणानंतर वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. १९७९ पासून ती शासनाच्या खंडांतून लोकांपुढे येऊ लागली.

पुतणीचा दाखला

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण हे सगळे कळून काय करायचे, याचे उत्तर तिच्यात आहे.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात चौथी शिकले. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा तो पहिला माणूस. त्यांचा शाळेचा दाखला १९४७ सालचा. उर्दूत छापलेला फॉर्म, हाताने भरलेला, खाली सही आणि जांभळ्या शाईचा गोल शिक्का. त्या कागदाचा घरात एवढा मान, की आजोबा वारल्यावर माझ्या थोरल्या चुलत्यांनी तो काचेच्या फ्रेममध्ये घालून ओसरीत लावला. ओसरी पूर्वाभिमुख. सकाळचे ऊन सरळ भिंतीवर. येणाऱ्या पाहुण्याला चुलते बोटाने दाखवायचे, "आमचे वडील शिकलेले हुते, ह्यो बघा कागुद." चाळीस वर्षे तो तिथे होता.

काही वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. आपल्या घरांतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, की नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी लागते. अनुसूचित जातीसाठी आपले घराणे १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा मागतात. आमच्याकडे १९४७ चा कागद. आम्ही निर्धास्त. भावाने फ्रेम खोलून कागद काढला, प्लॅस्टिकच्या फाइलीत घातला आणि कार्यालयात नेला. तिथल्या साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला.

"शिक्का कुठं आहे? सही कुठं आहे?"

भावाला वाटले चेष्टा करतात. पण खरेच, छापलेला काळा मजकूर जसाच्या तसा होता. हाताने भरलेले नाव भिंगाखाली कसेबसे लागत होते. शिक्क्याच्या जागी फक्त पिवळट कागद. पुतणी बाहेर बाकावर बसलेली. प्रवेशाची मुदत संपायला नऊ दिवस उरलेले.

असे का झाले ते आता वाचकांना सांगायला नको. छापील शाई काजळीची, म्हणून राहिली. शिक्क्याची जांभळी शाई ही उजेडापुढे सगळ्यांत लवकर जाणाऱ्या शायांपैकी एक. ज्या खुणेने कागदाला सरकारी किंमत येते, तीच खूण सगळ्यांत नाजूक असते. बॉलपेनच्या निळ्या सहीचीही तीच गत. चुलत्यांनी मानाने जो कागद भिंतीवर लावला, त्यातला मानाचा भागच उन्हाने नेला. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्या घरात शिकलेले माणूस एकच, त्या घराने तो कागद लपवून का ठेवावा?

मार्ग निघाला तो दुसऱ्या एका अंधारातून. दाखला ज्या शाळेने दिला, तिथे प्रवेश-निर्गम रजिस्टर असतेच. शाळा आता जिल्हा परिषदेची, पण जुनी रजिस्टरे लोखंडी कपाटात बांधून ठेवलेली. गुरुजींनी अर्धा दिवस खर्चून ती चाळली. उर्दू वाचणारा एक जाणता माणूस आम्ही सोबत नेला. १९४३ सालच्या पानावर आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, जात आणि गाव सोनारी. शाई अशी काळीभोर, की काल लिहिली असावी. ते पान सत्तरएक वर्षांत फार तर दहा-वीस वेळा उघडले गेले असेल. त्याला ऊन ठाऊकच नव्हते. त्याचा साक्षांकित उतारा आणि भाषांतर मिळाले, कागद दाखल झाला, पुतणीचा प्रवेश राहिला. आज ती सोलापूरच्या एका दवाखान्यात रात्रपाळ्या करते.

तोच माणूस, तेच नाव, चारच वर्षांच्या अंतराने लिहिलेले. एक कागद उजेडात राहिला, एक अंधारात. एवढाच फरक.

आपल्या लोकांचे कागद याआधीही गेले आहेत. १९७८ साली मराठवाड्यात घरे जाळली गेली, त्यांत पेट्या जळाल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूर भागात घरांबरोबर कागदही मातीखाली गेले. त्या नुकसानीचा निदान आवाज झाला, पंचनामा झाला. उन्हाने नेलेल्या कागदाचा पंचनामा होत नाही.

दिल्लीची पेटी, अजिंठ्याचा अंधार

मोठ्या ठिकाणी काय करतात ते पाहिले, तर आपल्यालाही शहाणपण सुचते. आपल्या राज्यघटनेची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. पाने सजवली नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांनी. २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी सह्या केल्या. या मूळ प्रती संसदेच्या ग्रंथालयात १९९४ पासून खास बनवलेल्या हवाबंद काचपेट्यांत आहेत. पेटीत हवेऐवजी नायट्रोजन वायू भरलेला, कारण प्राणवायू नसला की रंग आणि कागद झिजण्याचा वेग फार कमी होतो. लोकांना पाहायला मिळाव्यात म्हणून मूळ प्रतीवरून डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात प्रती काढल्या गेल्या. मूळ जपायचे आणि नक्कल लोकांपुढे ठेवायची, हीच खरी रीत.

अजिंठा तर आपल्याच मराठवाड्यातले. दीड हजार वर्षांपूर्वीचे, काही तर त्याहून जुने रंग आजही तिथे आहेत. दोन कारणे. एक म्हणजे रंग मातीचे आणि दगडाचे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळी आणि परदेशातून आणलेल्या नीलमण्यासारख्या दगडाचा निळा. खनिज रंग उन्हाला दाद देत नाहीत. दुसरे म्हणजे लेण्यांतला अंधार. तिथल्या चित्रांचे मोठे नुकसान ओलीने, किड्यांनी, वटवाघळांनी आणि माणसांनी केले. विसाव्या शतकात निजाम सरकारने इटलीहून कारागीर आणले, त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले. चांगल्या हेतूने दिले, पण ते रोगण पुढे पिवळे-तपकिरी झाले आणि खालचे रंग झाकले. भारतीय पुरातत्त्व खात्याला ते काढायला वर्षानुवर्षे लागली. आता लेण्यांत मंद दिवे असतात, एका वेळी थोडीच माणसे आत सोडतात आणि फ्लॅश मारू देत नाहीत. तिथला पहारेकरी ओरडला तर रागावू नका.

शास्त्रज्ञ आता याहून पातळ वस्तूंशी झगडत आहेत. २००४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा वेगळा केला. त्याला ग्राफीन म्हणतात. २०१० चे नोबेल त्यासाठीच मिळाले. तेव्हापासून तसे कितीतरी पापुद्रे केले गेले. त्यांत काळ्या फॉस्फरसचा एक आहे. कामाचा, पण हवेतली ओल, प्राणवायू आणि उजेड तिन्ही एकत्र आले की तो काही तासांत-दिवसांत खराब होऊ लागतो. म्हणून त्याला नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत हाताळतात आणि वरून दुसऱ्या पापुद्र्याने झाकतात. वस्तू जितकी पातळ, तितके तिच्याजवळ गमवायला कमी. फोटोवरचा रंगाचा थरही असाच केसाहून पातळ. घटनेची पेटी असो, प्रयोगशाळा असो की आजीची ट्रंक, सगळ्यांची युक्ती एकच.

आईशी वाद

आमच्या घरात बाबासाहेबांची एक तसबीर होती. ७२ च्या दुष्काळात वडील मुंबईला गेले, खडी फोडली, गोदीत हमाली केली. पहिल्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेले तेव्हा पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ती आणली. गावी येताना ती त्यांनी एसटीत मांडीवर धरून आणली. वडील गेले, तसबीर राहिली. दारातून आत येताच समोर. रोज सकाळी आई तिच्यापुढे उभी राहून वंदना म्हणते. मी तिला म्हणालो, "आई, ही आता उतरवून पेटीत ठेवू."

आई चिडली. "का रं? बाबासाहेबांला अंधारात ठिवतूस व्हय? त्यांनी आपल्याला उजेडात आणलं, अन् तू त्यांलाच पेटीत घालतूस?"

याला उत्तर देणे सोपे नव्हते. मी शास्त्र सांगू लागलो तर तिने हात झटकला. मग मी फ्रेम खोलली आणि पट्टीखालची किनार तिला दाखवली. तिथे मागच्या भिंतीचा पिवळा अजून पिवळा होता, पुस्तकाच्या कडेचा तांबडा अजून तांबडा. तिने बराच वेळ पाहिले. वडिलांनी आणली तेव्हा ती अशी होती, हे तिला आठवले. म्हणाली, "तवा असंच हुतं. मी इसरलेच हुते."

आता त्या तसबिरीची चांगली प्रत काढून दारासमोर लावली आहे. आईची वंदना तिच्यापुढे चालते. वडिलांनी आणलेली मूळ तसबीर सुती कापडात गुंडाळून पेटीत आहे. १४ एप्रिलला ती बाहेर काढतो, घरातल्या सगळ्यांनी पाहिली की पुन्हा आत. नातवंडे आता त्या दिवसाची वाट पाहतात.

घरोघरी करता येईल असे

हे सगळे करायला पैसा फारसा लागत नाही. माता-भगिनींनी आणि शिकणाऱ्या मुलामुलींनी एका रविवारी बसून करावे.

घरातले मूळ दाखले, उतारे, सेवापुस्तकाची पाने, निकालपत्रे भिंतीवर लावू नका. लावायचेच असेल तर झेरॉक्स लावा. झेरॉक्सची काळी पूड काजळीची असते, ती उन्हाला बऱ्यापैकी टिकते. रंगीत प्रत काढायची तर साध्या शाईच्या प्रिंटरपेक्षा लेझर प्रिंट किंवा स्टुडिओतला फोटोप्रिंट घ्या. साध्या शाईचा प्रिंट उन्हात लवकर उडतो.

मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. ते निघत नाही, आणि काही कार्यालये तसा कागद घेत नाहीत. चिकटपट्टीही लावू नका, ती पिवळी होऊन डाग सोडते. कागद सुती कापडात किंवा साध्या पांढऱ्या कागदी पाकिटात ठेवा. पेटी जमिनीला टेकवू नका, खाली दोन विटा द्या. चुलीपासून, पाण्याच्या माठापासून लांब ठेवा. वर्षातून दोनदा उघडून वाळवी-कसर पाहा. पण वारा देताना सावलीत द्या, उन्हात पसरू नका.

एटीएमची पावती, एसटीचे यंत्रातले तिकीट, बँकेत पैसे भरल्याची चकचकीत पावती, यांत शाई नसतेच. तो कागद उष्णतेने काळा होतो आणि उजेडाने, उष्णतेने, प्लॅस्टिकच्या पाकिटानेही कोरा होतो. अशी पावती कामाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

फोटो लावताना खिडकीच्या समोरची भिंत टाळा. खिडकी ज्या भिंतीत आहे, तीच भिंत बरी. तिच्यावर थेट ऊन पडत नाही. काचेला फोटो चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला. वारलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो असेल, तर हार घालायला त्याची प्रत वापरा.

मोबाइलवर प्रत्येक कागदाचा आणि फोटोचा फोटो काढून ठेवा. दिवसा, सावलीत, सपाट जागेवर ठेवून. घरात दोन-तीन जणांच्या मोबाइलमध्ये तो असू द्या. जे दाखले डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथे घ्या. आणि फोटोच्या मागे, कडेला, शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, कोण, कुठे, कोणत्या साली. शिसपेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट. ते उन्हाने उडत नाही.

शेवटचे काम वडीलधाऱ्यांसाठी. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे ज्या शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, तहसीलच्या रजिस्टरात आहेत, त्यांचे साक्षांकित उतारे आताच काढून ठेवा. मुलाचा नंबर लागल्यावर, नऊ दिवस उरल्यावर धावपळ करू नका. ती रजिस्टरे आज कपाटात आहेत. उतारा मिळायला अर्ज आणि थोडी फी लागते, आणि गुरुजींचा अर्धा दिवस.